किती फूट पाणी? अहो आईंबरोबर सांगलीत चार दिवस

"तुमच्या सांगलीत बघायला काय आहे गं?"

लग्नाला एकवीस वर्षं झाली. दर दिवाळीला एकदा, या हिशोबानं सासूबाईंनी हा प्रश्न एकवीस वेळा तरी विचारला असेल. त्यांना तो शोभतोही. सासर पिंपळगाव बसवंतचं. घराबाहेर पडलं की तासाभरात पंचवटी, आणखी थोडं पुढं गेलं की त्र्यंबक. आमच्याकडं ना धबधबा, ना थंड हवेचं ठिकाण. पाहुणा आला की सांगलीकर त्याला गणपती दाखवतो, भडंग खायला घालतो आणि तिसऱ्या दिवशी गुपचूप कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला नेतो.

यंदा आमच्या द्राक्षबागेचा माल फेब्रुवारीच्या मध्यालाच उतरला. व्यापाऱ्यानं पैसेही वेळेवर दिले (हे लिहून ठेवण्यासारखं आहे). आणि सासूबाई आपणहून म्हणाल्या, "चल, बघून येऊ तुझं माहेर. पण कोल्हापूर नको हं. सांगलीच दाखव."

वाचणाऱ्यांचा घोटाळा नको म्हणून सांगते, मला दोन आया आहेत. सांगलीची ती 'अगं आई', पिंपळगावच्या त्या 'अहो आई'. दोघी सत्तरीच्या पुढच्या आणि दोघींनाही, दुर्दैवानं, व्यवस्थित ऐकू येतं.

पहिला दिवस : पेठ नाका ते गावभाग

सुरुवातच फसली. नाशिकहून रात्रीची गाडी होती. बुकिंग करताना 'सांगली' असं स्पष्ट लिहिलेलं. पहाटे पावणेपाचला क्लीनरनं उठवलं, "ओ मॅडम, सांगलीवाले, उतरा." उतरलो तर समोर हायवे, दोन टपऱ्या आणि पेठ नाका! गाडी पुढं सरळ कोल्हापूरला. भांडायला तोंड उघडेपर्यंत मागचे लाल दिवे दिसेनासे झाले. इथून सांगली अजून चाळीसेक किलोमीटर. मी फोनवर दादाला उठवत होते, तोवर अहो आई टपरीच्या बाकड्यावर बसून चहा मागवून मोकळ्या.

"बस गं. काहीतरी बघायला मिळालं की. हा तुमचा पेठ नाका."

तर पहिली सूचना हीच. तिकीट काढताना गाडी सांगलीच्या आत येणार की पेठ नाक्यावर उतरवणार, हे आधी विचारा आणि तरीही विश्वास ठेवू नका. एक बरं, त्या भागात अख्खा मसूर फार छान मिळतो. फक्त पहाटे पाचला मिळत नाही.

दादा आला. इस्लामपूर, आष्टा करत निघालो. उजाडत होतं. कारखान्याकडं निघालेल्या उसाच्या ट्रॉल्या, एका ट्रॅक्टरमागं दोन-दोन, आणि प्रत्येक ट्रॉलीमागं ऊस ओढून घ्यायला टपलेली पोरं. अहो आई खिडकीतून सगळं निरखत होत्या. द्राक्षवाल्यांचा उसाकडं बघण्याचा एक खास दृष्टिकोन असतो. "पाणी पाजायचं आणि झोपायचं," एवढंच त्या बोलल्या. दादानं ऐकलं नाही असं दाखवलं.

सांगलीवाडी मागं टाकून आम्ही आयर्विन पुलावर आलो. दादानं नेहमीच्या सवयीनं गाडी हळू केली आणि डोकं बाहेर काढून खाली बघितलं. फेब्रुवारी महिना, कृष्णा अगदी तळाला गेलेली. काठाला शेवाळ, एक म्हैस, आणि अंगाला तेल लावून पोहायला आलेले चार-पाच म्हातारे. बघायचं काहीच नव्हतं, तरी दादानं बघितलं. 

"काय बघतोस रे?" अहो आईंनी विचारलं.

"पाणी, आई. सवय झालीय."

हा दगडी कमानींचा पूल १९२९ साली झाला. व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांचं नाव त्याला मिळालं, आणि बाकी बरीच इंग्रजी नावं पुसली गेली तरी हे आमच्या तोंडून काही जात नाही. पुलापाशी फुटांचे आकडे रंगवलेले आहेत. ४० फूट म्हणजे इशारा पातळी, ४५ म्हणजे धोका. जुलै-ऑगस्टमध्ये सांगलीकर एकमेकांना 'कसा आहेस' विचारत नाही, 'किती फूट?' विचारतो. कोयनेतून किती सोडलं, वारणेतून किती, अलमट्टीत किती साठलंय, ही आमची त्या दिवसांतली बाराखडी. परदेशातली पोरं मध्यरात्री फोन करून हेच विचारतात.

घरी पोचलो तर आई ताम्हन घेऊन दारात. भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं, आणि आत घेता घेता पहिलं वाक्य, "या विहीणबाई. उशीर केलात." त्यावर अहो आई म्हणाल्या, "उशीर कसला, तुमच्या गावानं वेशीबाहेरच उतरवलं." चार दिवस कसे जाणार, याची मला कल्पना आली.

आमचं घर गावभागातलं, जुनं. माजघराच्या दाराच्या चौकटीवर तीन रेघा आहेत. सगळ्यात खालची, गुडघ्याएवढी, २००५ची. तिच्यावर वीतभर २०२१ची. आणि तिसरी पार माझ्या कपाळापर्यंत येते, ती २०१९ची. त्या ऑगस्टमध्ये आयर्विनपाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. रेघा बाबांच्या हातच्या, खडूच्या. २०२१ची मात्र दादानं स्केचपेननं काढली. बाबा तोवर नव्हते. घराला दोनदा रंग दिला, पण चौकटीवर रंगाऱ्याला हात लावू दिला नाही.

लग्नात आणि बाबांच्या दिवसांना अहो आई इथं येऊन गेल्या होत्या, पण दोन्ही वेळा या चौकटीकडं कुणाचं लक्ष जाणार? आता मात्र त्या थांबल्या. सगळ्यात वरच्या रेघेला बोट लावलं. ते त्यांच्या डोक्याच्या वर गेलं.

"हे इथवर?"

"इथवर," आई म्हणाली. "पाच दिवस. आम्ही हिच्या मावशीकडं, विश्रामबागेत. परत आलो तर गादीवर चिखल, फ्रीज आडवा, आणि देव्हाऱ्यातला बाळकृष्ण स्वयंपाकघरात."

अहो आई पाटावर टेकल्या. "आमच्याकडं नाशिकला गोदेत दुतोंड्या मारुती. पायाला पाणी लागलं, कमरेला लागलं, गळ्याला आलं, असं सांगतात. गळ्याला आलं की सराफ बाजाराची धडगत नाही."

"म्हणजे तुमच्याकडं मारुतीच मोजपट्टी!"

"तुमच्याकडं लाटसाहेब."

दोघी हसल्या. त्यानंतर एक-दीड तास गोदावरी आणि कृष्णा यांत जास्त वाईट कोण, यावर चर्चा झाली. दोघींनाही आपलीच नदी जिंकायला हवी होती. मी आंघोळ करून आले, तरी निकाल लागला नव्हता.

दुपारी वहिनीनं कृष्णाकाठच्या वांग्यांची भरली भाजी केली. या मळईतलं वांगं हिरवट, काटेरी, बिया कमी, आणि शिजलं की लोण्यासारखं. बरोबर शाळूची भाकरी, दही आणि शेंगदाण्याची चटणी. अहो आईंनी तिसरी भाकरी घेतली, पण वांग्याबद्दल चकार शब्द काढला नाही. हा त्यांच्याकडचा सर्वोच्च सन्मान. नाव ठेवायला जागा नसेल तरच त्या गप्प बसतात.

दुसरा दिवस : गणपती, हळद आणि हरिपूर

सकाळी गणपती. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मिरजेच्या पटवर्धनांतून चिंतामणराव आप्पासाहेब वेगळे निघाले, सांगलीला राजधानी केली आणि नदीकाठी हे देऊळ उभारलं. काळ्या दगडाचं काम, आत पांढरा संगमरवरी गणपती, भोवती पंचायतन. सकाळी सातच्या आत जा. तेव्हा आवारात फक्त फुलवाले, प्रदक्षिणा घालणारे निवृत्त मास्तर आणि कबुतरं असतात. अहो आईंना देवापेक्षा जास्त आवडली ती चोर गणपतीची गोष्ट. भाद्रपदात चतुर्थीच्या आधीच, प्रतिपदेला, वाजतगाजत नाही तर गुपचूप इथं एक गणपती येऊन बसतो. म्हणून तो चोर. "आमच्याकडं असा आला तर चौकीत देतील," त्या म्हणाल्या.

बाहेर येऊन मिसळ खाल्ली. इथं मतभेद झाले. नाशिकची मिसळ काळ्या मसाल्याची, सोबत पापड, आणि पाव. आमच्याकडं लाल कट आणि स्लाइस ब्रेड. "मिसळीबरोबर ब्रेड? आजारी माणसाचं खाणं आहे का हे?" मी काहीच बोलले नाही. कट दोनदा मागवून झाला.

तिथून मार्केट यार्ड. हे मी मुद्दाम ठेवलं होतं. हळदीचा हंगाम जानेवारीत सुरू होतो आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये भरात असतो. कर्नाटक, तेलंगण, मराठवाडा, कुठून कुठून गाड्या येतात. हळद इथं नुसती पिकते म्हणून सांगलीचं नाव नाही, ती इथं विकली जाते म्हणून आहे. २०१८ साली सांगलीच्या हळदीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, पण यार्डात कुणाला त्याचं विशेष नाही. तिथं विषय एकच, आज राजापुरी हळद काय भावानं निघाली.

आत शिरलं की पहिल्यांदा नाकाला कळतं. मातकट, उग्र, थोडा कापरासारखा वास. मग डोळ्यांना. फरशी पिवळी, वजनकाटा पिवळा, हमालांचे हात, टोप्या, पापण्यांचे केससुद्धा पिवळे. एका हमालानं चहाचा कप तोंडाला लावला तर कपावर पाच बोटं पिवळी उमटली. दादाच्या ओळखीच्या अडत्यांनी आम्हाला सौद्याच्या जागी बाजूला उभं केलं. पोत्यांची तोंडं उघडलेली, खरेदीदारांचा घोळका एका ढिगावरून दुसऱ्यावर. एकजण हळकुंड उचलतो आणि दोन्ही अंगठ्यांनी कटकन मोडतो. आतला रंग उजेडात धरतो. वास घेतो. दुसरा ते दाताखाली धरून बघतो. मोडताना आवाज खणखणीत आला तर वाळवण नीट, लवलं तर ओल राहिलीय. गड्डे वेगळे, हळकुंडं वेगळी, कणी वेगळी. प्रत्येकाचा भाव वेगळा.

अहो आईंनी न विचारता एक हळकुंड उचललं आणि मोडलं. मोडलं नाही. पुन्हा जोर लावला. शेजारचा हमाल म्हणाला, "आजी, नखानं न्हाई, अंगठ्यानं." मग मोडलं. आत केशरी. त्या दोन तुकडे हातात घेऊन बराच वेळ उभ्या राहिल्या. "लग्नात हिच्या हाताला बांधलं ते हळकुंड मी पिंपळगावच्या वाण्याकडून आणलं होतं. ते इथूनच आलं असेल काय?" अडते म्हणाले, "दुसरीकडून कुठनं येणार?" आणि मूठभर हळकुंडं कागदात बांधून देऊ लागले. त्यांनी कागद घेतला नाही, पदर पुढं केला.

जायचं असेल तर रविवार आणि सणाची सुट्टी टाळा. दहा-अकराच्या सुमाराला जा, हमालांच्या वाटेत उभं राहू नका, आणि पांढरे कपडे घालू नका. माझी ओढणी अजून पिवळी आहे.

दुपारी ऊन चढलं म्हणून घरी झोपा काढल्या. ऊन उतरल्यावर हरिपूर. राजवाडा चौकातून निघताना दादानं जुन्या तुरुंगाची बाजू दाखवली. १९४३च्या २४ जुलैला वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार तिथून तुरुंग फोडून निसटले, वसंतदादांना गोळी लागली, दोघांनी जीव गमावला. त्याच राजवाड्यात त्याच्या शंभर वर्षं आधी, ५ नोव्हेंबर १८४३ला, विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर'चा खेळ केला. म्हणून आम्ही स्वतःला नाट्यपंढरी म्हणवून घेतो आणि ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन असतो. नाटकाला हल्ली किती सांगलीकर जातात, हा प्रश्न पाहुण्यांसमोर विचारू नये.

हरिपूर गावाला लागूनच, दोन-चार किलोमीटरवर. इथं वारणा कृष्णेला मिळते. घाटाच्या वर संगमेश्वराचं देऊळ, पलीकडं कोथळी, म्हणजे कोल्हापूर जिल्हा. संध्याकाळी पाण्यावर तांबूस उजेड पडतो. दोन्ही नद्यांची पाण्याची छटा वेगळी दिसते म्हणतात. मला लहानपणापासून कधी दिसली नाही. अहो आईंना लगेच दिसली. नाटककार गोविंद बल्लाळ देवल याच हरिपूरचे.

पण आम्ही आलो होतो पेवं बघायला. हरिपूरची हळदीची पेवं म्हणजे जमिनीत खणलेली खोल कोठारं. वर माणूस कसाबसा उतरेल एवढंच तोंड, आत मडक्यासारखं रुंद होत गेलेलं. इथली माती अशी घट्ट की बांधकाम न करता भिंती उभ्या राहतात. आतून सारवायचं, पाला-तट्ट्या लावायच्या, हळद भरायची, तोंडावर दगड ठेवून माती लिंपायची. आत हवाच नाही, तर कीड कशी जगणार? वर्षानुवर्षं हळद तशीच. भाव आला की उघडायचं.

एका घराच्या अंगणात एक काका भेटले. त्यांनी अंगणात एके ठिकाणी टाच आपटली. धप्प. दोन पावलं सरकून पुन्हा आपटली. घुम्म. "हितं हाय. मोकळंच." उघडताना घाई करून चालायचं नाही. आधी तोंड उघडून तसंच ठेवायचं, मग कंदील दोरीनं खाली सोडायचा. "कंदील इझला तर माणूस उतरवायचा न्हाई. तासनतास थांबायचं. ज्यांनी घाई केली, ते वर आलेच न्हाईत." २००५च्या पुरात पाणी आत शिरलं. माती फुगली, पेवं ढासळली, हळद कुजली. काका सांगत होते तेव्हा अहो आई त्या 'घुम्म' जागेवरून हळूच बाजूला सरकल्या, हे माझ्या लक्षात आलं. आता हळद बहुतेक गोदामात नाहीतर शीतगृहात जाते. पेवं कुणी बुजवली, कुणी तशीच ठेवलीत. बघायला गेलात तर कुणाच्या तरी अंगणात विचारून जावं लागेल. पाटी-तिकीट काही नाही.

डास भयंकर. सूर्य बुडायच्या आत निघा.

परत येताना हरभट रोडवरून भडंग घेतलं. लसूण, कढीपत्ता, भाजके शेंगदाणे, तिखट. पिशवी घरी पोचेपर्यंत अर्धी झाली होती. आईनं विचारलं कुणी संपवलं, तर अहो आई म्हणाल्या, "आम्ही दोघींनी." मी तीन मुठी घेतल्या होत्या फक्त.

तिसरा दिवस : तासगावची बाजू

आजचा दिवस अहो आईंच्या प्रांतातला. तासगाव पंचवीसेक किलोमीटर. आधी तिथला गणपती केला. परशुरामभाऊ पटवर्धनांच्या या देवळाला दक्षिणेकडच्यासारखं सात मजली गोपुर आहे. कर्नाटकातल्या मोहिमा करून आलेल्या माणसानं बांधलं की असं होतं. गणपती उजव्या सोंडेचा, दीड दिवसाचा, आणि त्याचा रथ हजारो माणसं दोरानं ओढतात.

मग मणेराजुरीकडं निघालो. कृष्णाकाठ सोडला की अर्ध्या तासात मुलूख बदलतो. ऊस संपतो, माळ सुरू होतो, हवा कोरडी खडखडीत. जिल्ह्याचा पश्चिम भाग पुरात बुडतो आणि पूर्वेला टँकर, हे सांगलीचं कायमचं दुखणं. पण याच कोरड्या हवेनं बेदाणा दिला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेड. हिरव्या जाळीचे पडदे आणि आत मजल्यावर मजले तारा-जाळ्यांचे.

दादाच्या मित्राच्या चुलत्यांची शेड होती. काकांनी 'या' म्हणायच्या आत अहो आई आत. बाया क्रेटमधले घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑईलच्या पाण्यात बुचकळून जाळीवर पसरत होत्या. त्या पाण्यानं मण्यावरचा मेणाचा थर जातो आणि आतलं पाणी लवकर बाहेर पडतं. उन्हात नाही, सावलीत वाळवायचं, म्हणजे हिरवा रंग राहतो. बारा ते पंधरा दिवस. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा. तळच्या मजल्यावर कालचे टपोरे मणी, त्याच्यावर सुरकुतायला लागलेले, पलीकडच्या रॅकवर हात लावला की खुळखुळणारे. एका शेडमध्ये पंधरा दिवस एकदम दिसत होते.

इथून पुढं मी फक्त ऐकत होते. ब्रिक्स, म्हणजे गोडी, किती आली? छाटणी कधी? पेस्ट किती वेळा? माल कोणत्या वाणाचा, थॉमसन का? काका म्हणाले, "तास-ए-गणेश."

"आमच्याकडंही आहे की तो. धाकट्या दिराचा अख्खा प्लॉट."

"मग? त्यातला 'तास' म्हंजे काय वाटलं तुम्हाला?"

अहो आई गप्प. हा वाण तासगाव तालुक्यातच थॉमसनच्या वेलीतून निवडलेला. तासगावचा 'तास' आणि तिथला गणेश. तीसेक वर्षं दिराच्या बागेत हे नाव त्या घेत होत्या. "आम्ही समजायचो काहीतरी इंग्रजी असेल," त्या म्हणाल्या, आणि काका इतके हसले की त्यांना ठसका लागला.

निघता निघता काका जाळीबाहेर आले आणि वर बघितलं. आभाळ स्वच्छ, पश्चिमेला पिंजलेल्या कापसासारखे दोन ढग. काकांनी ते दोन ढग बघितले. अहो आईंनीही तेच दोन ढग बघितले. दोघांच्या कपाळाला एकाच जागी आठी. "चार दिवस आभाळ आलं न्हाई म्हंजे मिळवली," काका म्हणाले. अहो आई म्हणाल्या, "एका वर्षी आमची सगळी बाग गारांनी झोडपली. माल उतरायला आठ दिवस राहिले होते." पुढं दोघंही बोलले नाहीत. काकांनी दोन किलो बेदाणा दिला, पैसे घेतले नाहीत. त्याबदल्यात पिंपळगावची द्राक्षं पाठवायचं ठरलं. तासगावला द्राक्षं पाठवणार! मी काही बोलले नाही.

शेड बघायच्या तर फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत. कुणाची तरी ओळख काढून जा, हात स्वच्छ धुऊन आत जा, आणि बेदाणा तिथंच घ्या. प्रवासात उघडू नका. उघडला की संपतो.

चौथा दिवस : मिरज

सांगली आणि मिरज म्हणजे जुळी भावंडं, बोलणं आहे पण पटत नाही. सांगलीहून सिटी बसनं अर्धा-पाऊण तास. वाटेत विश्रामबागेत १९१९ सालचं विलिंग्डन कॉलेज लागतं. माझं कॉलेज. "इथं काय शिकलीस?" "बॉटनी." "तरी तुळस वाळते तुझ्याकडं." पुढं चला.

मिरजेत दुकानांच्या पाट्यांवर कन्नड अक्षरं दिसायला लागतात. १८९४ साली डॉ. वॉनलेस यांनी इथं मिशन हॉस्पिटल सुरू केलं, तेव्हापासून बेळगाव-विजापूरकडची माणसं औषधाला मिरजेलाच येतात. रिक्षावाले दोन्ही भाषांत घासाघीस करतात.

आधी ख्वाजा मीरासाहेबांचा दर्गा. आवारात चिंचेचं झाड आहे. उरुसाला त्याखाली किराणा घराण्यातले आणि इतर मोठे गवई हजेरी लावतात. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेतच राहिले आणि १९३७ साली गेल्यावर त्यांना इथंच दफन केलं. उरुसाच्या रात्री सुपारी नाही, बिदागी नाही, आपली सेवा म्हणून गायचं. अहो आई गावच्या भजनी मंडळात गातात, त्यामुळं कबरीपाशी थांबल्या. हात जोडले. मग डोक्यावरचा पदर सारखा करून पुन्हा जोडले.

तिथून सतारमेकर गल्ली. शिकलगारीचं, म्हणजे हत्यारं घडवायचं-धार लावायचं काम करणाऱ्या घरातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला पहिल्यांदा तंबोरा घडवला, असं इथं सांगतात. तलवारींचे दिवस संपले, तेच हात तंबोऱ्याकडं वळले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मिळालं. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. छताला टांगलेले भोपळे, खाली लाकडाचा भुसा, कोपऱ्यात सरसाचं भांडं. 

एका दुकानात एक कारागीर तंबोऱ्याची जवारी काढत होते, म्हणजे तार घुमावी म्हणून तारांखालची घोडी घासत होते. मान खाली, तंबोरा मांडीवर आडवा. घोडीच्या पाठीवर कानस एकदा फिरवायची, तार छेडायची, ऐकायचं. पुन्हा एकदा फिरवायची. कानस किती फिरली ते डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. दहा मिनिटं हेच. तारेचा आवाज कोरडा, ठक्कन थांबणारा. मग त्यांनी सुती दोऱ्याचा एक तुकडा तारेखाली घोडीवर सरकवला. थोडा मागं. थोडा पुढं. आणि एका जागी तार अचानक उमलली. एकाच तारेतून पाच-सहा सूर, मधमाश्यांच्या पोळ्यासारखे, भरून राहिले. 

"या दोऱ्याला काय म्हणतात?" अहो आईंनी विचारलं.

"जीव," ते म्हणाले. मान अजून खालीच.

मग त्यांनी चारी तारा लावल्या आणि सहज म्हणाले, "गाता का आजी?" अहो आई नको नको म्हणाल्या. पोटापासून लाजल्या, एकवीस वर्षांत मी त्यांना अशा लाजताना बघितलं नव्हतं. आणि मग अगदी खालच्या आवाजात, भिंतीकडं बघत, त्यांनी काकड आरतीतली एक ओळ म्हटली. आवाज थोडा कापला. कारागीर तारा छेडत राहिले, ओळ संपली तरी. नंतर किंमत विचारली, ऐकली, आणि म्हणाल्या, "एका पिकअपचा माल आहे हा." पण तो दोरा मात्र त्यांनी मागून घेतला. पर्समध्ये, अंगाऱ्याच्या पुडीशेजारी ठेवलाय.

गल्लीत दुकानं छोटी आहेत, कामाच्या जागाच त्या. घ्यायचं नसेल तर आधीच सांगा. कुणी हाकलत नाही. सकाळी उशिरा गेलात तर बहुतेक कुणीतरी जवारीला बसलेलं सापडतं.

रात्री निघताना आईनं ओटी भरली. खण, नारळ, हळकुंडं, आणि वर दोन किलो वांगी. विहीणबाईंनी वांग्यांबद्दल या वेळी तोंड उघडलं, "एवढीच?"

परतीची गाडी वेळेवर आली आणि नाशिकला नाशिकातच उतरवलं.

नंतर

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात पिंपळगावला संध्याकाळी आभाळ भरून आलं. ओसरीत सगळे वर बघत उभे. अहो आईंच्या धाकट्या दिरांचा एक प्लॉट अजून उतरायचा होता. वारा सुटला, पत्रा वाजायला लागला. अहो आई आत गेल्या आणि फोन घेऊन आल्या. मला वाटलं दिरांना लावणार. नंबर मलाच लावायला दिला.

"तुझ्या दादाला लाव. म्हणावं, त्या मणेराजुरीच्या काकांना विचार, ताडपत्र्या टाकल्या का."